ट्रॉलीला पाणी जास्त झालं : रॅम्पवर बोट चढवतानाचं एक प्रकरण

25 मे 2024, शनिवार. अलिबाग तालुक्यातल्या एका खाडीच्या दक्षिण काठावर सिमेंटचा उतार आहे. तिथून मामांची 18 फुटी फायबरची बोट पाण्याबाहेर काढून ट्रॉलीवर चढवायची होती. काम अर्ध्या तासाचं. दुपारी साडेतीनला हात घातला आणि बोट ट्रॉलीवर बसली ती रात्री पाऊण वाजता. मधल्या वेळात बोटीच्या बुडाला वीतभर तडा गेला, ट्रॉलीचं एक चाक उताराच्या कडेवरून चिखलात उतरलं आणि विंचचा, म्हणजे बोट ओढायच्या हातचरखीचा, दांडा मामांच्या हातातून सुटून गरगरा फिरला. कुणाला लागलं नाही, हे नशीब. गाडी मी चालवत होतो. त्यामुळे नेमकं कुठे चुकलं हे समजून घेणं माझ्यासाठी गरजेचं होतं, आणि त्या रात्रीच मी वहीत सगळं लिहून काढलं.

बोट आणि जागा

आपल्याकडे जलक्रीडा आणि छोटी प्रवासी वाहतूक 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असते. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळा किनारा एकाच कामाला लागलेला असतो. मोठ्या होड्या ट्रॅक्टर लावून, ओंडक्यांवरून, पंधरा-वीस माणसांच्या जोरावर वर येतात. लहान फायबरच्या बोटींना हल्ली ट्रॉली आली आहे. कागदावर तिचं नाव ट्रेलर, पण काठावर सगळे ट्रॉलीच म्हणतात.

मामांची ट्रॉली जुनी, एका आसाची. मधोमध रबरी रोलरची रांग, त्यावर बोटीचा कणा बसतो. दोन्ही बाजूंना 9-9 फुटांच्या लाकडी फळ्या, त्यांना जाजमाचं कापड गुंडाळलेलं. पुढे खांबावर हाताची विंच, तिच्यावर गुंडाळलेला पट्टा, आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, येऊन टेकायला व्ही आकाराचं रबर. बोट, 60 हॉर्सपॉवरचं ओबीएम (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन), टाकीतलं पेट्रोल आणि दोर-नांगर धरून 800 किलो तरी होतात. ट्रॉली धरली की बारा क्विंटलच्या आसपास. ओढायला मागच्या चाकांवर चालणारी पिकअप.

उतार मी नंतर टेपने मोजला. 8 फूट खाली गेलं की 1 फूट खोली. पाण्यातून बोट काढायला हा उतार वाईट नाही. पण खालच्या टोकाला पश्चिमेची कड तुटलेली आहे आणि सिमेंट संपतं तिथे खड्डा पडला आहे. बोटीवाले इंजिनाचा जोर लावून बोट ट्रॉलीवर चढवतात. पंख्याने मागे फेकलेलं पाणी दर वेळी तिथली वाळू उकरत जातं. भरती असताना यातलं काहीच दिसत नाही.

पाण्याचा हिशेब

आमच्या भागात लहान मुलांनाही येतो असा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, तिथीमागे पाऊण तास धरायचा तो त्यासाठीच. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण बोट काढायची वेळ ठरवायला हा हिशेब पुरतो.

त्या दिवशी वैशाख वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे पाणी भरणार दुपारी दीडला, आणि बोट काढायची योग्य वेळ साडेबारा. मामांनी आदल्या दिवशी हीच वेळ ठरवली होती. पण सीझनचा शेवटचा शनिवार. पर्यटकांची रांग लागली होती आणि दुसऱ्या दिवसापासून तीन महिने कमाई बंद. एक फेरी, आणखी एक फेरी करत तीन वाजले. मामांना मी दोष देत नाही. मीसुद्धा तिथेच उभा राहून तिकिटं फाडत होतो.

पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते, म्हणजे उधाणाचं पाणी. अशा दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक 4 मीटरच्या घरात जातो. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे साडेतीनपासून पुढच्या एका तासात पाणी 1 मीटरने उतरणार होतं. आमच्या उतारावर याचा अर्थ पाण्याची कड 8 मीटर खाली सरकणार. दर पंधरा मिनिटांना 2 मीटर. सगळ्या दिवसातली सर्वांत वाईट वेळ आम्ही निवडली होती.

पहिला प्रयत्न

मी ट्रॉली मागे घेतली. बऱ्यापैकी सरळ गेली. दादा, म्हणजे माझा मामेभाऊ, बोट घेऊन आला तोवर दहा-बारा मिनिटं गेली होती. तेवढ्यात ट्रॉलीखालचं पाणी सरकलं होतं. बोट अर्ध्यावर येऊन फळ्यांवर अडली. मामा गुडघाभर पाण्यात विंचजवळ उभे. ते ओरडले, "घे मागे, पाणी कमी पडतंय!"

मी घेतली. थोडी नाही, चांगली सहा-सात फूट. पुन्हा अडायला नको म्हणून.

धक्क्याच्या कठड्यावर एक वयस्क नाखवा बसले होते. त्यांची हयात याच खाडीत गेली आहे. तेही काहीतरी ओरडले. इंजिनाच्या आवाजात मला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. ते म्हणत होते, "पाणी कमी नाय, जास्त झालंय. ट्रॉली वर घे."

बोट आता सरसर पुढे आली. मामांनी हुक नाळेच्या कडीत घातला आणि विंच फिरवली. दोन बोटांनी फिरावी इतकी हलकी. नाळ व्हीच्या रबरात जाऊन बसली. मामांनी हात वर केला. मी पहिला गिअर टाकून निघालो.

आरशात मला बोटीची नाळ दिसत होती, ती अगदी मधोमध होती. मागचा भाग दिसत नव्हता. ट्रॉली पाण्याबाहेर येऊ लागली तसा फायबरचा कर्र असा आवाज आला आणि दादा बोटीतून दोन्ही हात हलवायला लागला. मी ब्रेक लावला, उतरून मागे गेलो. बोट तिरकी बसली होती. पुढून बरोबर, मागून हातभर पश्चिमेला. कणा रोलरवर नव्हताच. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागाचं वजन पश्चिमेकडच्या मडगार्डच्या लोखंडी पट्टीवर आलं होतं.

यानंतर आम्ही घाई केली. बोट थोडी मागे सरकवून नीट करू म्हणून मामांनी विंचच्या दातऱ्यातली खिट्टी उचलली. पण 800 किलोची बोट 8 फुटाला 1 फूट अशा उतारावर नुसत्या वजनाने 100 किलोचा ओढा देते, आणि तो सगळा पट्ट्यावर होता. दांडा हातातून सुटला. तो इतक्या वेगाने फिरत होता की दांडा दिसतच नव्हता, नुसतं वर्तुळ दिसत होतं. मामांनी अंग मागे टाकलं म्हणून वाचले. पट्ट्यावर ताण असताना खिट्टी उचलायची नाही, आधी दांडा घट्ट धरून अर्धा फेरा पुढे घ्यायचा, मग उचलायची, आणि तोंड कधीही दांड्याच्या रेषेत ठेवायचं नाही. मामांना हे ठाऊक होतं. घाबरलेल्या माणसाच्या हातून ठाऊक असलेली गोष्टही निसटते.

मग बोट पुन्हा तरंगती करायची म्हणून मी मागे घ्यायला लागलो. पाणी एव्हाना बरंच खाली गेलं होतं. त्याच्यामागे जाता जाता ट्रॉलीचं पश्चिमेचं चाक तुटक्या कडेवरून खाली उतरलं. चार पोरांनी कंबरभर पाण्यात उभं राहून बोट ढकलली आणि मोकळी केली. ट्रॉलीचं चाक शेजारच्या ट्रॅक्टरने बाहेर काढलं. दादाने बोट खाडीच्या मधे नेऊन नांगरली.

बोट तिरकी का बसली

संध्याकाळी कठड्यावर बसून नाखवांनी मला हे समजावलं. नंतर मी आकडे घालून पाहिलं, तेव्हा त्यांचा शब्द न् शब्द बरोबर निघाला.

आपल्याला वाटतं, पाणी जितकं जास्त तितकी बोट सहज चढेल. चढते सहज, हे खरं. पण ट्रॉली उतारावर तिरकी असते आणि बोट पाण्यावर सपाट तरंगते. इंजिन वर घेतल्यावर आमची बोट मागच्या बाजूला साधारण 1 फूट पाण्यात बसते. मी ट्रॉली नेली होती तिथे फळ्यांचं पुढचं टोकसुद्धा 4 इंच पाण्याखाली होतं. 9 फुटांच्या फळीचं मागचं टोक उतारामुळे आणखी साडेतेरा इंच खाली, म्हणजे जवळजवळ दीड फुटावर. बोटीला हवं 1 फूट आणि खाली दीड फूट. नाळ रबरात अडकलेली, पण मागचा भाग फळ्यांपासून पाच-सहा इंच वर, पूर्ण मोकळा. दारासारखा. बिजागरी पुढे, झडप मागे.

ही झडप कुठेही फिरू शकते. त्या वेळी ओहोटीचा प्रवाह पश्चिमेला, समुद्राकडे चालला होता, आणि मे महिन्यातला दुपारचा वारा पश्चिमेकडून येत होता. दोघे एकमेकांविरुद्ध, म्हणून मला वाटलं होतं की हिशेब बरोबरीत सुटेल. तसं होत नाही. वारा धरतो बोटीचा उंच भाग, म्हणजे नाळ. प्रवाह धरतो खोल भाग, म्हणजे मागची बाजू. आणि दादाने इंजिन अर्धवटच वर घेतलं होतं, त्याची तंगडी पाण्यात सुकाणूसारखी उभी होती. एक ढकलतोय पुढचं पूर्वेला, दुसरा ओढतोय मागचं पश्चिमेला. बोट फिरणारच.

मी गाडी पुढे घेतली तेव्हा फळ्या लगेच बोटीला टेकल्या नाहीत. पाच-सहा इंचांचं अंतर भरून काढायला या उतारावर ट्रॉलीला जवळजवळ 4 फूट वर यावं लागतं. ते 4 फूट बोटीची मागची बाजू कुणाच्याच ताब्यात नव्हती. ज्या क्षणी फळी टेकली त्या क्षणी ती जिथे होती, तिथेच ती बसली.

आता उलटा हिशेब करा. फळ्यांचा पुढचा एक तृतीयांश भाग कोरडा ठेवला, तर पाण्यात राहतात मागचे 6 फूट. त्यांच्या शेवटच्या टोकाला खोली फक्त 9 इंच. बोटीला हवं 1 फूट. म्हणजे बोट पुढे येता येता मागूनसुद्धा फळ्यांवर दाबून बसते, कणा रोलर शोधतो आणि वाऱ्या-प्रवाहाला फिरवायला काही उरत नाही. विंचला जोर लागतो. पण तो जोर लागतो याचाच अर्थ बोट ट्रॉलीने धरलेली आहे. दुपारी विंच दोन बोटांनी फिरली तेव्हाच आम्ही थांबायला हवं होतं. एवढं हलकं फिरणं म्हणजे बोट अजून पाण्याचीच होती, ट्रॉलीची झाली नव्हती.

अडलेली बोट पाहून खोल जावंसं वाटतं आणि इथेच फसगत होते. ती अडली होती कारण फळ्यांचं जाजम वरच्या बाजूने वाळून खडखडीत झालं होतं. ट्रॉली दोन फूट जास्त नेऊन, फळ्या ओल्या करून परत वर आणायला हवी होती. मी खाली नेली आणि तिथेच ठेवली.

रात्रीची भरती

नाखवांनी सांगितलं की उतरत्या पाण्यात पुन्हा हात घालू नका. उतरत्या पाण्यात चूक झाली की बोट जिथे अडली तिथे सहा तास अडली. चढत्या पाण्यात चूक झाली तर दहा मिनिटं थांबायचं, पाणी स्वतःच बोट उचलून देतं. या एका वाक्यासाठी मी त्यांचा आयुष्यभर ऋणी आहे.

पुढची भरती दुपारच्या भरतीनंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, म्हणजे रात्री दोनच्या आत. तिच्या तासभर आधी, पाऊण वाजता काम करायचं ठरलं. भरतीच्या शेवटच्या तासात बारावाच हिस्सा पाणी चढतं. पंधरा मिनिटांत उतारावर जेमतेम दोन हात.

साडेसात-आठच्या सुमारास पाणी पूर्ण सुकलं तेव्हा आम्ही बॅटरी घेऊन उतारावर उतरलो. दुपारी न दिसलेलं सगळं समोर होतं. तुटकी कड, टोकाचा खड्डा आणि मधला शेवाळाचा हिरवा पट्टा, ज्यावर पिकअपची चाकं घसरण्याच्या बेतात होती. खराट्याने शेवाळ घासून काढलं, वर जाडी वाळू टाकली. तुटक्या कडेला एक काठी रोवून तिला पांढरी गोणी बांधली. रिकाम्या पिकअपची मागची चाकं हलकी पडतात म्हणून हौद्यात वाळूच्या चार गोण्या ठेवल्या.

ट्रॉलीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना मामांनी दोन बांबू उभे बांधले, ट्यूबच्या रबरी पट्ट्यांनी घट्ट आवळून. बाहेरच्या देशांत विकत मिळणाऱ्या ट्रॉल्यांना असे खांब लावायची सोय असते. त्यांचे दोन उपयोग. बोट त्यांच्यामधून आत येते, आणि पाण्याखाली गेलेली ट्रॉली कुठे आहे हे चालवणाऱ्याला आरशात दिसतं. दुपारी मला जर हे बांबू दिसले असते! फळीच्या पुढच्या एक तृतीयांशावर मी लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली. पाणी टेपला लागलं की थांबायचं. कोण काहीही ओरडलं तरी.

द्वितीयेचा चंद्र चांगला वर आला होता. वारा पडलेला. खाडी इतकी शांत की पलीकडच्या काठावरचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येत होतं. मी ट्रॉली एकदा पूर्ण बुडवली, फळ्या भिजवल्या, परत वर आणली आणि टेपपर्यंत नेऊन उभी केली. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड. दादाने इंजिन बंद करून पूर्ण वर घेतलं आणि वल्ह्याने बोट आणली. बोटीच्या मागच्या दोन कोपऱ्यांना दोन दोर. पूर्वेचा नाखवांच्या हातात, पश्चिमेचा एका पोराकडे. ओढायचं नाही, फक्त मागचा भाग फिरू द्यायचा नाही. ट्रॉलीच्या थेट मागे कुणीही उभं राहायचं नाही, हे मामांनी आधीच बजावलं होतं.

बोट आली, बांबूंमधून शिरली आणि अर्ध्यावर टेकली. दुपारी याच ठिकाणी आम्ही घाबरलो होतो. आता कुणी काही बोललं नाही. मामांनी विंच फिरवायला घेतली. जड चालली होती. चाळीसेक फेरे झाले असतील, मधे दोनदा थांबून दम खाल्ला. शेवटी कणा एकेका रोलरवर चढताना टक, टक असा आवाज येत गेला आणि नाळ रबरात बसली. सुरक्षेची साखळी लावली. मी पाच फूट वर घेऊन थांबलो. ट्रॉली वर आल्यावर बोट तिच्या उतारावर आडवी होते, तेव्हा नाळ रबरापासून थोडी मागे राहते. तशी दोन बोटं राहिली होती, ती मामांनी तिथेच, मागची बाजू अजून पाण्यात असताना भरून घेतली. मग सावकाश वर.

सपाटीला आल्यावर दोरांनी मागचा भाग ट्रॉलीला आवळला. विंचचा पट्टा बोट ओढायला असतो, रस्त्यावर धरून ठेवायला नाही. मग दादाने मागचं बूच काढलं. बादलीभर पाणी आलं. सकाळी बोट आतून कोरडी होती, म्हणजे तडा नुसता वरवरचा नव्हता.

तडा

दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं. मडगार्डची पट्टी जिथे टोचली तिथे, बूड आणि बाजू जिथे जुळतात त्या कडेवर. वरून केसाएवढी रेघ. कारागिराने ग्राइंडर लावला तेव्हा कळलं की वरचा रंगाचा थर फुटून खालच्या मॅटचे (काचतंतूंच्या कापडाचे) दोन थर तुटले होते. आजूबाजूचा भाग ओला झाला होता. पावसाळी हवेत रेझिन नीट धरत नाही, म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच्या दिवसांत आडोशाला हॅलोजन लावून तो आधी वाळवला आणि मग नवे थर चढवले. मडगार्डची पट्टी मामांनी कापून दोन इंच खाली वेल्ड करून घेतली आणि तिच्यावर जुन्या टायरचा तुकडा ठोकला. ट्रॉलीच्या चाकांचे हब उघडले, गोड्या पाण्याने धुतले, नवं ग्रीस भरलं. खारं पाणी लागलेल्या ट्रॉलीला हे दर वेळी करावंच लागतं.

2025 मध्ये मामांनी पंचांग आधी उघडलं. 25 मेपर्यंत न थांबता 19 मे धरली, वैशाख वद्य सप्तमी. साताची पाऊणपट सव्वापाच. भांगाचं पाणी, चढउतार कमी, उतारावर कड हललेली कळतसुद्धा नाही. त्या दिवशी दुपारी तीनच्या पुढची एकही फेरी घेतली नाही. साडेचारला लाल टेपपर्यंत ट्रॉली नेली, बोट अर्ध्यावर टेकली, विंच जड चालली. पाचच्या आत आम्ही वर होतो. नाखवा कठड्यावरून उठलेही नाहीत. सहा दिवसांनी, 25 मेला मान्सून महाराष्ट्रात दाखल झाला तेव्हा बोट आवारात ताडपत्रीखाली होती, बूच काढून, नाळ थोडी वर करून, पावसाचं पाणी मागून वाहून जाईल अशी.